दाराच्या जागी भिंत

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि मग बाबा आतून ओरडतात की कोण ते कचाकचा भांडतंय. म्हणून मीच ठरवलं की आता पत्रं. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

माझं काम बरं चाललंय. गेल्या आठवड्यात लहान मुलांच्या दवाखान्यात भिंतीवर जिराफ लावायचा होता. डॉक्टरीणबाईंनी तो मोबाईलवर बघून पसंत केला, भिंत मोजायचे कष्ट घेतले नाहीत. जिराफ निघाला छताहून उंच. शेवटी मान मधून कापून जोडली. आता तो जिराफ कमी आणि गाढव जास्त दिसतो, पण पोरं खूश आहेत. बाबांना हे हौसेनं सांगायला गेले तर म्हणाले, रंगाऱ्याच्या पोरीवर भिंतींना चिकटपट्ट्या लावून पोट भरायची वेळ आली. जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस. स्टिकर म्हटलं की शिवी दिल्यासारखं होतं त्यांना. सगळं विसरले, माझ्या धंद्याचा राग तेवढा विसरले नाहीत.

आता मुद्द्याचं. बाबा रोज दिवेलागणीला चपला घालतात आणि तुला आणायला निघतात. हो, तुलाच. टायपिंगच्या क्लासातून. तिथे आता केस कापायचं दुकान आहे, पण त्यांना त्याचं काही नाही. पायरीवर बसून राहतात. दुकानवाला भला माणूस आहे, पाणी देतो, आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला त्यांना परत आणून सोडतो. इथवर ठीक होतं. पण गेल्या आठवड्यात ते उलटीकडे वळले आणि मोठ्या चौकात सापडले. रस्त्याच्या मधोमध उभे, हात वर करून ट्रक थांबवत होते. सायकलवाल्यानं विचारलं तर म्हणाले, दिसत नाही का, माझी पोर रस्ता ओलांडतेय.

कुलूप लावून बघितलं. दारावर डोकं आपटून घेतात, कपाळाला टेंगूळ आलंय. बाबांच्या डॉक्टर म्हणाल्या की कुलूप नको. अशा माणसांच्या आश्रमात म्हणे दारावरच मोठं चित्र चिकटवतात. दार दिसलं नाही की बाहेर जायची ओढ शमते. वर मलाच म्हणाल्या, तुमचा तर धंदाच आहे. मी पिशवी उचलून उठून आले.

ताई, ते करायच्या आधी तू एकदा येऊन जा. आठ दिवस काढ. तू समोर दिसलीस तर बाबा कोणाला आणायला जातील? आईसुद्धा गेली त्यांच्या डोक्यातून, तू तेवढी राहिली आहेस. तीही किती दिवस राहशील याची खात्री डॉक्टर देत नाहीत. आहे तोवर भेटवून घ्या म्हणाल्या.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पाकिटात घालून न पाठवता स्वतः घेऊन ये.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ट्रक थांबवत होते! तू होतीस कुठे त्या वेळी? रागावू नकोस, विचारते फक्त.

मला निघता येत नाही गं. इथे कोर्टात मोठा खटला चालू आहे, रोज सुनावणी. साक्षीदार बोलणार आणि मी टाइप करणार. आमचे साहेब म्हणतात की स्टेनो मध्येच बदलला तर कागदांची एकवाक्यता राहत नाही. रजेचा अर्ज दिला तो त्यांनी चष्म्याच्या वरून बघितला आणि बाजूला ठेवला. खटला संपला की मी येतेच, हे लिहून देते.

तोवर डॉक्टरांचं ऐक. मी आणि हे काल बसून सगळी चित्रं बघितली. जंगलाचं आहे, पण बाबा जंगल बघून घाबरतील. समुद्राचं आहे, त्यात ओल आल्यासारखं वाटतं. खिडकीचं तर नकोच, खिडकीतून उडी मारायला जायचे. शेवटी पुस्तकांचं कपाट पसंत केलं. अगदी हुबेहूब आहे, कप्पे, पुस्तकांच्या पाठी, एका कप्प्यात फुलदाणी. चित्र सोबत जोडलंय. माप चौकटीसकट घे, आणि त्या जिराफासारखं करू नकोस. कडी वर, हात पोचणार नाही अशी बसव. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी शिवून टाक. शेजारच्या शिवणवाल्या काकूंना सांग, त्या दोन टाके घालून देतील.

मला आणायला जातात हे वाचून रडले बघ. मला वाटायचं, ते तेव्हा पहाऱ्यासाठी यायचे. क्लासातल्या मुली हसायच्या, रंगाचे डाग पडलेली विजार घालून फाटकाशी उभे राहायचे म्हणून. मी त्यांच्या चार पावलं पुढे चालायची.

जिवाला जप, बाबांना जप. तुझ्यावरची माया अंतरामुळे कमी होत नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू होतीस कुठे, असं विचारलंस म्हणून सांगते. दवाखान्यात होते, गाढवाची मान जोडत. काम केलं नाही तर चूल पेटत नाही ना आमची. काकू शिवणयंत्र आणून आमच्या पुढच्या खोलीत बसतात मी बाहेर असते तेव्हा. पण त्याही बाईच आहेत, साखळी नव्हेत.

तर तुझं कपाट लावलं. दार साबणाच्या पाण्यानं पुसलं, वाळवलं, वरून चिकटवत खाली आले, पट्टीनं एकेक फुगा बाहेर काढला. कडीभोवती ब्लेड फिरवताना जीव मुठीत धरला होता. फुलदाणी नेमकी बिजागरीवर आली, तरी काही बिघडलं नाही. काकू म्हणाल्या, घरात एकदम प्राध्यापक राहत असल्यासारखं वाटतंय.

बाबा झोपून उठले. कपाटासमोर उभे राहिले आणि हसायला लागले. म्हणाले, आपल्या घरात कोणाला वाचता येतं एवढं? मग जवळ गेले, तळहात फिरवला, नखानं कोपरा खरवडला आणि मला विचारलं की लाकडाला अस्तर न मारता कागद लावणारा गाढव कोण. काकूंना हसू आवरेना, मलाही. त्या हसण्यात कोपरा सुटलाय, इकडे माझं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी मी भाजी चिरत होते, काकू घरी गेल्या होत्या. बाबांनी कोपऱ्यापासून सबंध कपाट सोलून काढलं, सावकाश, जुना रंग खरवडावा तसं. स्टुलावर चढून वरची कडी काढली आणि गेले.

गुडघा फुटलाय. चौकापाशी खाली पडले होते, हातात पुस्तकांचा एक कप्पा तसाच. हाड वाचलं. मलमपट्टी करताना ओरडत होते की क्लास सुटला असेल, पोर अंधारात उभी असेल, सोडा मला.

तुला राग येईल, पण लिहिते. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. फुलदाणी कुठल्या कप्प्यात हवी हे तिथे बसून ठरवता येतं. बाबांना धरून ठेवायला इथे माणूस लागतं. आणि त्यांना जे माणूस हवंय ते मी नव्हे. चित्रं पुरे झाली, तू ये.

माया असेल तर पायात चपला घाल, एवढंच मागणं.

धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

टोमणा लागला. लागायचाच होता.

खरं सांगते. खटला आहेच, पण रजा अगदीच मिळणार नाही असं नाही. मला भीती वाटते. मी येईन, ते मला बघतील, क्लासातून आणल्यासारखे खूश होतील. आणि नवव्या दिवशी मी बॅग घेऊन निघाले की? दारात उभे राहून ते मला जाताना बघणार आणि मग पुन्हा चौकात जाऊन ट्रक थांबवणार. ते करून मला परत येऊन साक्षीदारांचं टाइप करत बसता येणार नाही. तू म्हणशील, मी मनानं कमजोर आहे. म्हण.

बाबांनी माझ्यापायी चौकात जीव द्यावा, हे मला सहन होणार नाही. तू काहीही कर, पण ते दार त्यांना दिसता कामा नये. कपाट नको, झाड नको, तिथे दार होतं हेच कळायला नको. तुझ्या हातात कला आहे, ती आता नाही वापरायची तर कधी? मी इतकं हात जोडून तुला कधी काही मागितलेलं नाही.

गुडघ्याला पाणी लागू देऊ नकोस. माझ्यावर रागव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
ताई


२८ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी इच्छा पुरी केली. आमच्या पुढच्या खोलीला आता दार नाही.

ऐक कसं केलं ते, कारण हे इथे कोणाला सांगून कळणार नाही. चौकटीच्या पट्ट्या सुताराकडून काढून घेतल्या. मूठ काढली, आतून वरच्या कोपऱ्यात दाबली की उघडणारी आणि बाहेरून ढकललं की सुटणारी कळ बसवली. दाराची फळी आणि भिंत यांच्यातली उंची पुट्टीनं भरून एका पातळीत आणली. पुट्टी पुरती वाळायला ठेवली, ओल्यावर चिकटवलं असतं तर महिन्यात पापुद्रे सुटले असते. मग रंग. आपल्या भिंतीचा तो मळकट पांढरा आठवतोय ना, बाबा बादलीत पिवळ्याची चिमूट टाकायचे तो? तो कुठल्याच कंपनीच्या कागदावर नाही. भिंतीचा टवका घेऊन छापखान्यात जाऊन बसले, नमुने काढायला लावले, दिवसाच्या उजेडात आणि दिव्याच्या उजेडात ताडून बघितले. चकाकी नसलेला व्हायनिलचा चिकटकागद घेतला, वरून भिंतीसारखा किंचित खरखरीत. ब्रशचे पट्टेसुद्धा छापून घेतले, बाबा ओढायचे तसे, वरून खाली. खालची तपकिरी पट्टी सरळ पुढे नेली. फटीवरून ब्लेड असं चालवलं की मला स्वतःला शोधावी लागते.

लावायच्या दिवशी बाबा काकूंकडे होते. संध्याकाळी त्यांना स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आत आणलं. ते दार त्यांच्या लेखी न्हाणीचं आहे, त्यानं बाहेर जाता येतं हे त्यांना ठाऊकच नाही. आम्हीही आता तिकडूनच ये-जा करतो.

दिवे लागले. बाबांनी चपला घातल्या आणि निघाले. भिंतीपाशी थांबले. उजवीकडे गेले, डावीकडे गेले. मग तळहात टेकवला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवत नेला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. फटीवरून हात गेला, थांबला नाही. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हात चांगला आहे, पट्टा तुटला नाही कुठे, कोणी मारलाय रंग?

ताई, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला चांगलं म्हणाले. मी पुढे झाले आणि सांगितलं, बाबा, मी केलंय. तर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, चल, धाकटी चिकटवते, तिला रंग कुठे मारता येतो.

चपला काढून जागेवर ठेवल्या आणि बसले. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. तुझं काम झालंय.

आपला लोभ आहे तसा असू दे, कमी-जास्त करायची ताकद नाही.

धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, या मुलीनं घरंच्या घरं गायब केली असती. किती दिवसांनी मला शांत झोप लागली. बाबांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस, ते आता बोलतात ते त्यांचं थोडंच आहे? तू लहानपणापासून अशीच हळवी. वरून फणस, आतून गरा.

आमच्या खटल्यात आता फक्त दोन्हीकडच्या वकिलांची भाषणं उरलीत. एक वकील तर इतका सावकाश बोलतो की त्याच्या दोन शब्दांमध्ये मी स्वेटरची ओळ विणून घेईन. जूनमध्ये मला सुट्टी नक्की. साहेबांनी स्वतः होकार दिलाय. या वेळी मी भीतीचं ऐकणार नाही. पंधरा दिवस राहीन, बाबांना सोबत बसवून जेवू घालीन. त्यांच्या चार पावलं पुढे नाही, बरोबरीनं चालीन, मग रस्ता कुठलाही असो.

एक विचारू? ते अजून मला विचारतात ना? तू त्यावर काहीच लिहिलं नाहीस.

उत्तराची वाट बघणारी, आणि तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ताई


१९ मे

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. शाळेच्या सुट्ट्या म्हणजे आमचा हंगाम. सगळ्या वर्गांच्या भिंतींवर अक्षरं, ग्रह, प्राणी. या वर्षी सगळ्यांना ग्रह हवेत. शनीची कडी चिकटवून नाकी नऊ आले.

बाबा शांत आहेत. गुडघा बरा झाला, जेवतात, दुपारी झोपतात. संध्याकाळी जागेवरून उठत नाहीत. नाही, तुला आणायला जायचं म्हणत नाहीत आता. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या की हा आजार असाच पुढे जातो, आणि चित्राचा उपयोग झाला म्हणून मला शाबासकी दिली. त्यांना म्हणे आणखी दोन घरांसाठी असंच करून हवंय. मी नाही म्हटलं.

यायचं तर लवकर ये. आणि एक गोष्ट काटेकोर पाळ. मागच्या दारानं ये. गल्लीच्या टोकाशी आलीस की काकूंना हाक मार, मी बाहेर येईन, आधी आपण दोघी बोलू. मग बाबांना भेट. पुढच्या दाराला हात लावू नकोस. बाबांची खुर्ची त्याच भिंतीसमोर असते.

बाकी भेटीत. आली आहेस असं समजूनच घर झाडून ठेवते.

धाकटी


११ जून

धाकटीस,

आशीर्वाद कुठल्या तोंडानं लिहू आणि तू कुठल्या तोंडानं घेशील?

पंधरा दिवसांसाठी आले होते, तिसऱ्या दिवशी परतले. तू थांब म्हणाली नाहीस. गाडीत बसले तेव्हा वाटलं की बोलायचं ते सगळं बोलायचं राहूनच गेलं, म्हणून लिहिते.

हो, पुढच्या दारानं आले. तू बजावलं होतंस, चूक माझी. पण मी त्या घरची मुलगी आहे. न्हाणीच्या बोळातून चोरासारखी मी का येऊ? सगळ्या वाटभर एकच मनात होतं की मी दार ढकलीन आणि बाबा समोर दिसतील. या वेळी मी त्यांना आणायला आलेली असेन.

दार ढकललं. बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांच्या समोर भिंत फाटली होती. ओरडले, भिंतीतून बाई आली. हातातला पेला मला फेकून मारला. मी बाबा, बाबा करत पुढे गेले तर खुर्चीच्या मागे जाऊन लपले. माझे बाबा, माझ्यापासून लपले. काकूंचं यंत्र थांबलं. तू आतून धावत आलीस, आणि ते तुला घट्ट बिलगून म्हणाले, ताई, बघ गं ही कोण, हिला बाहेर काढ.

ताई. तुला म्हणाले. आणि तू म्हणालीस, हो बाबा, काढते.

दोन दिवस मी माझ्याच घरात पाहुणी होते. ते तुला विचारत होते की ताई, क्लासात आज काय शिकवलं, आणि तू सांगत होतीस. माझ्यासमोर. माझ्या क्लासाचं, माझ्या मशीनचं. तुला टायपिंगचं ओ की ठो कळत नाही! काकू मान खाली घालून शिवत होत्या, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. कोर्टात मी रोज खोट्या साक्षी टाइप करते, पण इतक्या सहज कोणाला खोटं बोलताना पाहिलं नाही.

मी दार झाकायला सांगितलं होतं. मला पुसून टाकायला नव्हतं सांगितलं. लहानपणापासून तुला माझं सगळं हवं असायचं, माझी वेणी, खाटेवरची माझी बाजू. आता बाबांनाही घेतलंस. तुझा हात खरंच चांगला आहे. जोड कुठे दिसत नाही.

हे पत्र यांना दाखवलेलं नाही. उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी बहीण


२० जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहायचं नव्हतं. पण तुझं ऐकून घ्यायचं आणि गप्प बसायचं, हा माझा स्वभाव नाही. तुला माहीत आहे.

भिंत लावली त्या पहिल्या संध्याकाळचं मी तुला लिहिलं. दुसऱ्या संध्याकाळपासूनचं लिहिलं नाही. दार नव्हतं, पण वेळ त्यांना कळत होती. दिवे लागले की चपला घालायचे आणि भिंतीवर हात फिरवत बसायचे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. ओरडणं नाही, आपटणं नाही. नुसते रडायचे. अगं, हमसून हमसून. म्हणायचे की पोर उभी राहिली असेल आणि मला जागाच सापडत नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या की ओढ शमते. कसली शमते! हे तुला कळवलं असतं तर तू आणखी एक चित्र पसंत करून पाठवलं असतंस.

एका संध्याकाळी मी कामावरून आले. मागच्या दारानं, खांद्यावर पिशवी, घामाघूम. बाबा भिंतीला हात लावून उभे होते. मान वळवली, मला पाहिलं आणि म्हणाले, आलीस ताई? मी हो म्हटलं. बस, एवढंच केलं मी. डोळे पुसले त्यांनी, चपला काढल्या आणि दोन घास जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा हो म्हटलं. तूच सांग, नाही म्हणायचं होतं? रडत ठेवायचं होतं तुझी जागा राखण्यासाठी? तू फेब्रुवारीत आली असतीस तर ती जागा तुझीच होती. मी हाका मारून मारून थकले गं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तू दारात उभी होतीस तेव्हा मी त्यांना सांगू शकले असते की बाबा, ताई ही, मी नव्हे. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की नाही बोलवलं. एवढी एक गोष्ट खरी. त्याचा तुला राग आला तर तो योग्य आहे.

तू गेल्यावर मी ते सगळं काढलं. गरम हवेचं यंत्र लावून, कोपऱ्यापासून. मीच इतकं पक्कं बसवलेलं, सहजासहजी निघेना. पुट्टीचे पोपडे आले, बाबांचा जुना रंगही थोडा निघाला. मूठ परत बसवली. दार आता दारासारखं दिसतं, दिवसभर सताड उघडं ठेवते. रस्ता दिसतो, सायकलवाला हात करतो. बाबा बघतात आणि बसून राहतात. उठायचं कारणच नाही त्यांना. ताई घरात आहे.

तू म्हणतेस की मी बाबांना घेतलं. काय मिळालं मला ते ऐक. संध्याकाळी मी त्यांच्या पायाशी बसते, तुझ्या क्लासाच्या थापा मारते आणि ते माझ्या केसांवरून हात फिरवतात. तुझ्या म्हणून. माझ्या डोक्यावरून त्यांनी असा हात कधी फिरवला होता का, आठवून बघ. मला आठवत नाही.

काल राहवलं नाही. दिवे लागले होते, रस्त्यावर अंधार पडत होता, दार उघडं होतं. मी विचारलं, बाबा, सगळे घरी आलो, पण धाकटी दिसत नाही, कुठे गेली असेल, बघून यायचं का तिला? त्यांनी बाहेर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, तिला काय आणायचं, येईल तिची ती.

कळव, की नको कळवू, तुझं तू ठरव. माझा नमस्कार तेवढा घे.

धाकटी